अत्यवस्थ मुलाचा गॅस कसा वाचायचा

रक्ताच्या गॅस तपासणीचा कागद: पीएच (आम्लतेचे माप) ७.४१, पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब) ३९, बायकार्ब (आम्ल शोषणारे बायकार्बोनेट) २४. कागदाचा वरचा भाग एवढेच दाखवतो. रात्री अडीच वाजता फाइलवर 'गॅस नॉर्मल' असे लिहून पुढच्या खाटेकडे वळणे सोपे असते. पण त्याच कागदावर खाली सोडियम १४० आणि क्लोराइड ८८ आहे. १४० मधून ८८ आणि २४ वजा केले की २८ उरतात (हाच ॲनायन गॅप); उरायला हवे होते साधारण १२. म्हणजे या मुलाच्या रक्तात कुठले तरी आम्ल सोळाने साचले आहे, आणि दोन-तीन दिवसांच्या उलट्यांनी बायकार्ब जवळपास तेवढेच वर नेल्यामुळे वरचे तिन्ही आकडे सरळ दिसत आहेत. या मुलाला एकाच वेळी दोन बिघाड आहेत आणि दोन्हींवर उपचार हवेत.

हे टिपण बालरोग विभागात रात्रपाळी करणाऱ्या रेसिडेंटसाठी आणि विदर्भातल्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतून मूल नागपूरला पाठवणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आहे. सूत्रे बहुतेकांना पाठ असतात. घोटाळा होतो तो सूत्र लावण्याआधी, म्हणजे नमुना घेताना, आणि सूत्र लावल्यानंतर, म्हणजे पहिले नाव सापडताच थांबल्यामुळे. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे एकच प्रश्न विचारत जायचे: या मुलात, या घडीला, हा आकडा किती असायला हवा होता?

(खाली पीसीओटू मिलिमीटर पाऱ्यात, अल्ब्युमिन म्हणजे रक्तातले मुख्य प्रथिन ग्रॅम प्रति डेसिलिटर, साखर आणि युरिया मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, हायड्रोजन आयन नॅनोमोल प्रति लिटर आणि क्षार, बायकार्ब, लॅक्टेट, कीटोन मिलिमोल प्रति लिटर धरले आहेत.)

नमुना बिघडला तर पुढचे सगळे फुकट

प्रत्येक मुलाची धमनी टोचायची गरज नाही. आम्ल-अल्कलीचा हिशेब शिरेच्या रक्तावरही चांगला होतो. रक्ताभिसरण ठीक असेल तर शिरेतला पीएच धमनीपेक्षा सुमारे ०.०३ ते ०.०४ ने कमी, पीसीओटू ४ ते ६ ने जास्त आणि बायकार्ब १ ने जास्त असतो. डायबेटिक कीटोॲसिडोसिस (मधुमेहात कीटोन ही आम्ले साचणे), जुलाब, मूत्रपिंडाचे आजार यांत शिरेचा गॅस पुरतो आणि मुलाचा छळही वाचतो. पण शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडते तेव्हा) हे अंतर वाढते. मध्यवर्ती शिरेतला पीसीओटू धमनीपेक्षा ६ हून जास्त असेल तर पेशींकडे रक्त कमी पोचते आहे, हाच त्याचा अर्थ. तिथे दोन्ही नमुने एकाच वेळी घेऊन तुलना करणे उपयोगाचे ठरते. व्हेंटिलेटरवरचे मूल, तीव्र श्वसनविकार आणि खोल शॉक यांत धमनीच हवी. टाचेचा नमुना घ्यायचा तर टाच आधी कोमट करून घ्या. हात-पाय थंड, सुजलेले किंवा निळे असतील तर तो घेऊच नका. आणि टाचेच्या किंवा शिरेच्या रक्तातल्या ऑक्सिजनच्या आकड्यावर कधीही निर्णय घेऊ नका.

हेपॅरिन हा सर्वांत मोठा चोर. लहान मुलाचे रक्त मिळते अर्धा मिली, आणि सिरिंजच्या टोकात द्रव हेपॅरिन उरते ०.१ मिली. म्हणजे जवळजवळ सहावा भाग पाणीच. अशा नमुन्यात पीसीओटू, बायकार्ब आणि आयनीभूत कॅल्शियम खोटे कमी येतात, पीएच मात्र फारसा हलत नाही, त्यामुळे संशयही येत नाही. कोरडे, संतुलित लिथियम हेपॅरिन असलेली सिरिंज मिळत असेल तर तीच वापरा. नसेल तर सिरिंज हेपॅरिनने ओली करा, दट्ट्या पूर्ण दाबून सगळे बाहेर काढा, सुई बदला आणि निदान १ मिली रक्त घ्या.

हवेचा बुडबुडा दिसताच लगेच काढून टाका. बुडबुड्यामुळे पीसीओटू घसरतो आणि ऑक्सिजनचा आकडा खोलीतल्या हवेकडे सरकतो. सिरिंज झाकून दोन्ही तळव्यांमध्ये फिरवा. जोरात झटकू नका, लाल पेशी फुटून पोटॅशियम वाढते.

नमुना तीस मिनिटांच्या आत यंत्रात गेला पाहिजे. नळीतही पेशी जिवंत असतात. त्या साखर खातात, लॅक्टेट (लॅक्टिक आम्ल) तयार करतात, पीएच उतरवतात, पीसीओटू चढवतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असताना, वॉर्डातून दुसऱ्या इमारतीतल्या प्रयोगशाळेपर्यंत खिशात नेलेल्या सिरिंजमध्ये हे सगळे आणखी वेगाने घडते. पांढऱ्या पेशी लाखावर गेलेल्या रक्तकर्करोगाच्या मुलात तर काही मिनिटांतच. बर्फात ठेवणे हा प्लास्टिकच्या सिरिंजसाठी चांगला उपाय नाही: थंडीने पोटॅशियम खोटे वाढते आणि प्लास्टिकमधून वायू आत-बाहेर होतच राहतात. उत्तर एकच, नमुना काढण्याआधी नेणारा माणूस शेजारी उभा हवा आणि यंत्र मोकळे आहे का ते विचारलेले हवे. (अमोनियाचा नमुना याला अपवाद. तो बर्फातच आणि धावत.)

लाइनमधून घेताना नळीतले सलाईन पूर्ण काढून टाका. सलाईन मिसळलेल्या नमुन्यात क्लोराइड वर, पोटॅशियम, कॅल्शियम आणि हिमोग्लोबिन खाली, असे एकत्र दिसते. हिमोग्लोबिन सकाळी ९ आणि आता ६.५, रक्तस्राव कुठेच नाही, तर आधी नमुन्यावर संशय घ्या. टूर्निकेट फार वेळ बांधून, रडून रडून लालबुंद झालेल्या मुलाचे रक्त घेतले तर लॅक्टेट थोडे वाढलेले आणि पीसीओटू कमी येणार. मूल कसे होते ते कागदावर लिहून ठेवा. नमुन्याच्या वेळी ऑक्सिजन किती चालू होता आणि व्हेंटिलेटरची सेटिंग काय होती, हेही त्याच कागदावर.

कागदाआधी मूल

रिपोर्ट हातात येईपर्यंत पाच मिनिटे मिळतात. त्यात श्वास मोजा, आणि नुसता मोजू नका, त्याची जात पाहा. खोल, संथ न होणारा, छाती न ओढणारा श्वास म्हणजे फुप्फुसे ठीक आहेत आणि शरीर आम्ल बाहेर फेकते आहे. उन्हाळ्यात 'न्यूमोनिया' म्हणून आलेल्या, ऑक्सिजन ९८ टक्के असलेल्या आणि छाती स्वच्छ वाजणाऱ्या मुलात हा श्वास ओळखला तर अर्धे निदान तिथेच होते. उलट, छाती ओढणारा उथळ श्वास फुप्फुसाचा. आणि श्वासाला जोरच नाही, मान टाकलेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, तर मण्यार चावली आहे का ते विचारा. रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाच्या अंगावर दंशाची खूण बहुतेकदा सापडतच नाही.

घरच्यांना विचारायचे ते नेमके विचारा. जुलाब किती वेळा, उलट्या आधी की जुलाब आधी, शेवटची लघवी कधी, खोकल्या-तापाचे कोणते औषध किती दिवस दिले, शेतात फवारणीचा डबा मुलाच्या हाती लागला का, याआधीचे मूल तान्हेपणी दगावले का. आणि औषधाच्या सगळ्या बाटल्या घरून मागवून घ्या, रिकाम्यासुद्धा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातली मुले खोकल्याच्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलने मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतली कित्येक उपचारांसाठी नागपूरला आणलेली होती. बाटली मागण्याची सवय त्यानंतर तरी कोणी सोडू नये.

आकडे एकमेकांशी जुळतात का

यंत्र पीएच आणि पीसीओटू मोजते; बायकार्ब ते मोजत नाही, त्या दोघांवरून काढते. हायड्रोजन आयन = २४ × पीसीओटू ÷ बायकार्ब, हे नाते जुळलेच पाहिजे. पीएच ७.४० म्हणजे हायड्रोजन ४०, ७.३० म्हणजे ५०, ७.२० म्हणजे ६३, ७.१० म्हणजे ७९, ७.०० म्हणजे १००. एवढे पाच आकडे लक्षात ठेवले की पुरे. फोनवर सांगितलेल्या किंवा हाताने उतरवून घेतलेल्या रिपोर्टमध्ये हे नाते तुटलेले सापडते. मग आकडा चुकीचा लिहिला गेला आहे.

प्रयोगशाळा वेगळ्या नळीतून एकूण कार्बन डायऑक्साइड देत असेल तर तो यंत्राच्या बायकार्बपेक्षा एक-दीडने जास्त असतो. तफावत चारच्या वर गेली तर दोन्ही नमुने पुन्हा पाठवा. ॲनायन गॅपसाठी सोडियम एका यंत्राचे आणि क्लोराइड दुसऱ्याचे असे कधीही घेऊ नका. मोठ्या प्रयोगशाळेतली यंत्रे नमुना पातळ करून सोडियम मोजतात आणि प्रथिने कमी असलेल्या मुलात ते खोटे जास्त दाखवतात. गॅसचे यंत्र सरळ मोजते. दोहोंत चार-पाचचा फरक सहज पडतो आणि नसलेला गॅप तयार होतो.

मुख्य बिघाड, मग भरपाई

पीएच कोणत्या दिशेला आहे आणि त्या दिशेला त्याला कोण ओढते आहे, पीसीओटू की बायकार्ब, एवढे पाहिले की मुख्य बिघाड कळतो. वयाचे भान ठेवा. तान्ह्या मुलाचे नेहमीचे बायकार्ब २० ते २२ असते, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे त्याहूनही कमी. तिथे २४ ला नॉर्मल धरून आजार शोधत बसू नका.

आता भरपाई, म्हणजे एका बाजूचा बिघाड दुसऱ्या बाजूने सावरण्याची शरीराची धडपड, किती हवी होती ते काढा. मेटाबॉलिक ॲसिडोसिसमध्ये (बायकार्ब घटून रक्त आम्ल होते तेव्हा) पीसीओटू = १.५ × बायकार्ब + ८, दोन इकडे-तिकडे. मेटाबॉलिक अल्कलोसिसमध्ये (बायकार्ब वाढून रक्त अल्कली होते तेव्हा) पीसीओटू = ०.७ × बायकार्ब + २०, पाच इकडे-तिकडे. साधारण ५५-६० च्या पुढे भरपाई जात नाही. श्वसनाच्या बिघाडात पीसीओटूच्या दर १० फरकामागे बायकार्ब असे हलते: तीव्र ॲसिडोसिसमध्ये १ ने वर, जुनाट असेल तर साडेतीन-चारने वर, तीव्र अल्कलोसिसमध्ये २ ने खाली, जुनाट असेल तर चार-पाचने खाली. श्वासाची भरपाई काही तासांत पूर्ण होते, मूत्रपिंडाची व्हायला तीन ते पाच दिवस लागतात. भरपाई पीएचला पूर्ण ७.४० वर सहसा आणत नाही, त्याच्या पलीकडे तर नाहीच. पीसीओटू किंवा बायकार्ब बिघडलेले असताना पीएच अगदी नॉर्मल दिसला, तर दुसरा बिघाड शोधा.

यातले पहिले सूत्र जीव वाचवणारे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. दहा वर्षांची मुलगी, साखर ४८०, पीएच ७.०५, पीसीओटू २२, बायकार्ब ६. 'पीसीओटू कमी आहे, म्हणजे भरपाई चालू आहे' असे वाटते. पण असायला हवा होता १.५ × ६ + ८ = १७. २२ हा आकडा तिच्यासाठी जास्त आहे. ती थकते आहे, किंवा मेंदूला सूज येऊन श्वासाची ओढ कमी होते आहे. डोकेदुखी, मंदावलेली नाडी, झोपाळूपणा लगेच तपासा. आणि अशा मुलाला श्वासनळीत नळी टाकावीच लागली तर व्हेंटिलेटरवर नेहमीचा रेट लावू नका. तिचा स्वतःचा श्वास पीसीओटू २२ वर ठेवून होता. यंत्राने तो ४० वर नेला तर हायड्रोजन १६० वर जाईल, म्हणजे पीएच ६.८. नळी टाकण्याआधीचा पीसीओटू हेच व्हेंटिलेटरचे पहिले लक्ष्य, आणि पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा गॅस.

दम्याच्या मुलात हेच उलट्या बाजूने. मिनिटाला ५० श्वास घेणाऱ्या मुलाचा पीसीओटू ३० च्या घरात असायला हवा. ४२ आला तर तो 'नॉर्मल' नव्हे. मूल हरायला लागले आहे.

ॲनायन गॅप, आणि अल्ब्युमिन विसरू नका

सोडियम उणे क्लोराइड उणे बायकार्ब. पोटॅशियम धरले नाही तर १२ हा मध्य मानू, पण नव्या यंत्रांवर तो ८-१० सुद्धा असतो. आपल्या प्रयोगशाळेचा आकडा विचारून भिंतीवर लावून ठेवा. साखर वाढलेली असली तरी गॅपसाठी मोजलेलेच सोडियम घ्यायचे, सुधारलेले नाही.

आयसीयूतल्या मुलाचे अल्ब्युमिन क्वचितच ४ असते. मेळघाट-गडचिरोलीकडून येणारी कुपोषित मुले, नेफ्रॉटिकची (लघवीतून प्रथिने गमावणारी), यकृताची, आठवडाभर सेप्सिसमध्ये असलेली, यांच्यात ते २ च्या आसपास सापडते. अल्ब्युमिन स्वतःच ऋणभारित आहे. ते कमी झाले की गॅप आपोआप आक्रसतो. दर १ ग्रॅम कमीमागे गॅपमध्ये २.५ मिळवा. उदाहरण: सोडियम १३२, क्लोराइड १०५, बायकार्ब १४. गॅप १३, ठीकच वाटतो. अल्ब्युमिन १.८. मिळवायचे २.२ × २.५ = ५.५. खरा गॅप १८.५. ही दुरुस्ती केली नाही तर कुपोषित मुलातला लॅक्टिक ॲसिडोसिस दिसतच नाही.

गॅप वाढलेला असला की एक हिशेब आणखी: गॅप १२ च्या किती वर गेला, आणि बायकार्ब २४ च्या किती खाली आले? पहिल्याला दुसऱ्याने भागा. १ ते २ च्या मध्ये आले तर बहुधा गॅपचाच एकटा बिघाड. ०.८ च्या खाली आले तर सोबत क्लोराइडवाला ॲसिडोसिसही आहे (गेलेल्या बायकार्बची जागा क्लोराइड घेते, म्हणून गॅप वाढत नाही). २ च्या वर गेले तर सोबत मेटाबॉलिक अल्कलोसिस, किंवा आधीपासूनचे जुनाट श्वसनाचे दुखणे. सीमारेषेवरच्या आकड्यांवर फार भांडू नका. तीन-चार मोजमापांच्या चुका यात एकत्र होतात. कीटोॲसिडोसिसमध्ये कीटोन लघवीतून निघून जात असल्याने भागाकार १ च्या थोडा खालीही येतो.

आता एक पूर्ण हिशेब. चौदा महिन्यांचे बाळ, तीन दिवस जुलाब, हात-पाय थंड, केशिका भरायला पाच सेकंद. पीएच ७.२३, पीसीओटू २२, बायकार्ब ९, सोडियम १३६, पोटॅशियम २.९, क्लोराइड ११२, अल्ब्युमिन २.६, लॅक्टेट ४.८.

जुळणी: २४ × २२ ÷ ९ = ५९, पीएच ७.२३, ठीक. अपेक्षित पीसीओटू साडेएकवीस, म्हणजे श्वासाची बाजू शाबूत. गॅप १५, अल्ब्युमिनची दुरुस्ती ३.५, खरा गॅप १८.५. गॅप वाढला साडेसहाने, बायकार्ब घटले १५ ने, भागाकार ०.४. म्हणजे मुख्यतः जुलाबातून बायकार्ब गेल्याचा क्लोराइडवाला ॲसिडोसिस, आणि त्यावर गॅपचा दुसरा थर. दुसऱ्या थरातले चारएक लॅक्टेटने भरतात. उरलेले दोन-अडीच? उपाशी बाळाचे कीटोन, किंवा लघवी बंद झाल्यामुळे साचलेली आम्ले. क्रिएटिनिन पाहा. 'जुलाबाचा ॲसिडोसिस' एवढेच लिहून थांबलो असतो तर शॉक आणि मूत्रपिंड दोन्ही निसटले असते. आणि पोटॅशियम २.९ हे ॲसिडोसिस असतानाचे आहे, हे ध्यानात ठेवा: पीएच सुधारू लागला की ते आणखी खाली जाईल. बायकार्ब देण्याची घाई केली तर लुळेपणा आणि हृदयाचे ठोके बिघडणे, दोन्ही ओढवून घ्याल.

काही जण बेस एक्सेसचे (रक्तात अल्कली किती जास्त किंवा कमी आहे त्या आकड्याचे) तुकडे पाडतात. सोडियम उणे क्लोराइड, त्यातून ३५ वजा. या बाळात उणे ११, म्हणजे एवढा भार क्लोराइडचा. १ मधून लॅक्टेट वजा, उणे ४. (४.२ उणे अल्ब्युमिन) × २.५, अधिक ४. बेस एक्सेस उणे १७ असेल तर उणे ६ न मोजलेल्या आम्लांचे उरतात. गॅपच्या हिशेबात हा उरलेला भाग कमी आला होता. दोन्ही पद्धतींचे मूळ आकडे वेगळे असल्याने ते तंतोतंत जुळणार नाहीत. पण लॅक्टेटने सगळे स्पष्ट होत नाही, यावर दोघी एकमत आहेत, आणि खाटेशेजारी तेवढे पुरते. भरपूर सलाईन मिळालेल्या मुलात ही पद्धत क्लोराइडचा वाटा चटकन दाखवते.

गॅप वाढला तर कुठे शोधायचे

लॅक्टेट, कीटोन, क्रिएटिनिन, विष. याच क्रमाने, कारण पहिले तीन तासाभरात कळतात.

लॅक्टेट २ च्या वर असेल तर आधी शॉक, झटके, तीव्र ॲनिमिया आणि यकृत. पावसाळ्यानंतरचा डेंग्यू, स्क्रब टायफस आणि सेप्सिस इथेच येतात. ॲड्रेनलिनच्या ड्रिपने आणि साल्ब्युटामॉलच्या सततच्या वाफेनेही लॅक्टेट चढते; दम्याचे मूल सुधारत असताना लॅक्टेट ५-६ झाले आणि श्वास उगाच वाढला, तर औषधाकडे पाहा. शॉक सुधारूनही लॅक्टेट उतरत नाही आणि बाळ तान्हे आहे, तर जन्मजात चयापचयाचा दोष मनात आणा: अमोनिया, साखर, लघवीतले कीटोन. नवजात बाळाच्या लघवीत कीटोन सापडणे कधीच क्षुल्लक नाही. त्याउलट युरिया सायकलच्या (अमोनियाचा युरिया करणाऱ्या साखळीच्या) दोषात सुरुवातीला श्वसनाचा अल्कलोसिस असतो, कारण अमोनिया श्वासाचे केंद्र चेतवतो. सुस्त पडलेले, दूध न ओढणारे आणि तरीही भराभरा श्वास घेणारे बाळ, पीसीओटू २४, पीएच ७.५: अमोनिया आत्ता, सकाळी नाही.

कीटोनसाठी लघवीची पट्टी ॲसिटोॲसिटेट दाखवते, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट नाही. शॉकमध्ये दुसऱ्याचेच प्रमाण जास्त असते, म्हणून पट्टी फिकी आली तरी कीटोॲसिडोसिस नाही असे म्हणता येत नाही. रक्तातला कीटोन मोजा. ३ किंवा जास्त, साखर २०० च्या वर आणि पीएच ७.३ पेक्षा कमी किंवा बायकार्ब १८ पेक्षा कमी, तर निदान पक्के.

तिन्ही तपासण्यांनी गॅप भरत नसेल तर विष. ऑस्मोलॅलिटी (रक्तात विरघळलेल्या कणांचे एकूण प्रमाण) मोजून घ्या आणि हिशेबाशी ताडा: २ × सोडियम + साखर ÷ १८ + युरिया ÷ ६. (आपल्याकडे युरिया लिहून येतो, परदेशी पुस्तकातले युरिया नायट्रोजन नाही, म्हणून २.८ ने नव्हे, ६ ने भागायचे.) फरक १० पेक्षा बराच जास्त असेल तर मिथेनॉल, एथिलीन ग्लायकॉल यांचा संशय. फरक नॉर्मल असला तरी ही विषे नाकारता येत नाहीत: उशिरा आलेल्या मुलात मूळ विषाचे आम्ल होऊन गेलेले असते, आणि डायएथिलीन ग्लायकॉलचा रेणू जड असल्याने तो हा फरक तसाही कमीच वाढवतो. एथिलीन ग्लायकॉलमध्ये आणखी एक फसवणूक आहे. त्यापासून बनणाऱ्या ग्लायकोलेटला काही गॅस यंत्रे लॅक्टेट समजतात. यंत्राचे लॅक्टेट १८ आणि प्रयोगशाळेचे ३, असा फरक दिसला तर तोच पुरावा. लघवी बंद झालेले, गॅप वाढलेले आणि आठवड्यापूर्वी साध्या सर्दी-खोकल्याचे औषध घेतलेले मूल दिसले की डायलिसिसची तयारी आणि औषध प्रशासनाला कळवणे एकाच वेळी सुरू करा.

सॅलिसिलेटच्या (ॲस्पिरिनच्या जातीच्या औषधाच्या) विषबाधेत गॅपचा ॲसिडोसिस आणि श्वसनाचा अल्कलोसिस एकत्र असतात. पीसीओटू सूत्राच्याही खाली सापडतो. सेप्सिस आणि यकृत निकामी झालेल्या मुलातही हीच जोडी दिसते.

गॅप नॉर्मल, बायकार्ब कमी

जुलाब, सलाईन, मूत्रपिंडाच्या नलिका. बहुतेक मुले पहिल्या दोनांत संपतात.

नॉर्मल सलाईनमध्ये सोडियम १५४ आणि क्लोराइडही १५४ असते; रक्तात क्लोराइड असते शंभरच्या थोडे वर. रिंगर लॅक्टेटमध्ये ते सुमारे १०९. म्हणून भरपूर सलाईन गेलेल्या मुलात बायकार्ब पडते आणि गॅप नॉर्मल राहतो. वरच्याच मधुमेही मुलीचा दहा तासांनंतरचा रिपोर्ट: पीएच ७.२८, पीसीओटू २६, बायकार्ब १२, सोडियम १४१, क्लोराइड ११७, कीटोन ०.८. गॅप १२. कीटोॲसिडोसिस संपला आहे. उरले आहे ते क्लोराइड, आणि ते मूत्रपिंडे एक-दोन दिवसांत काढतील. इथे नुसत्या बायकार्बकडे पाहून इन्सुलिन वाढवणे किंवा पुन्हा सलाईनचा बोलस देणे ही नेहमी होणारी चूक आहे.

जुलाब नाहीत, सलाईन नाही, वाढ खुंटलेली, तर लघवीचे सोडियम + पोटॅशियम − क्लोराइड काढा. उणे आले तर मूत्रपिंड अमोनियम टाकते आहे, दोष आतड्यात. अधिक आले तर नलिकांचा दोष. लघवीतले सोडियम २५ च्या खाली असेल, कीटोन भरपूर असतील किंवा बाळ नवजात असेल, तर हा हिशेब लावू नका. लघवीचा पीएच ५.५ च्या वर हे दूरच्या नलिकेच्या दोषाचे लक्षण खरे, पण जुलाबात पोटॅशियम फार घटले तरी तसेच दिसते. विदर्भात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. सिकलसेलच्या मुलात नॉर्मल गॅपचा ॲसिडोसिस आणि पोटॅशियम उलट वाढलेले दिसले तर नलिकांचाच दोष समजा.

अल्कलोसिस आणि श्वसनाचे बिघाड

मेटाबॉलिक अल्कलोसिसला लघवीतले क्लोराइड उलगडते. २० च्या खाली: उलट्या, नाकातल्या नळीतून ओढलेला पोटातला रस, थांबवलेले फुरोसेमाइड (लघवी वाढवणारे औषध); हे सलाईन आणि पोटॅशियमने सुधारते. २० च्या वर: फुरोसेमाइड अजून चालू, किंवा बार्टर, गिटेलमन (मूत्रपिंडातून क्षार गळण्याचे जन्मजात आजार), अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचे आजार. पाच आठवड्यांचे, दुधासारख्या जोरदार उलट्या करणारे बाळ क्लोराइड ८५ घेऊन आले तर पायलोरसची (जठराच्या खालच्या तोंडाची) सोनोग्राफी करा, पण शस्त्रक्रियेआधी क्लोराइड आणि बायकार्ब सुधारून घ्या. अल्कलोसिसमध्ये भूल दिलेले बाळ नंतर श्वास घ्यायला विसरते.

श्वसनाच्या ॲसिडोसिसमध्ये प्रश्न एकच: तीव्र की जुनाट? पीएच ७.२०, पीसीओटू ६८, बायकार्ब २६. तीव्र असेल तर बायकार्ब २७ च्या आसपास अपेक्षित होते, जुळले. हे मण्यार चावलेले किंवा गुलियन-बारेचे (मज्जातंतूंच्या आजाराने लुळे पडलेले) मूल असू शकते. वाट पाहू नका. तोच पीसीओटू, पण पीएच ७.३४ आणि बायकार्ब ३६ असेल तर फुप्फुसाचा किंवा स्नायूंचा जुना आजार आहे, आणि अशा मुलाला यंत्रावर घेऊन पीसीओटू झटकन ४० वर आणलात तर ३६ बायकार्ब उघडे पडून पीएच ७.५ च्या वर जाईल आणि झटके येतील.

श्वसनाच्या अल्कलोसिसला 'रडत होते' म्हणून सोडून देऊ नका. ताप, वेदना, सुरुवातीचा सेप्सिस, मेंदूज्वर, यकृत, अमोनिया, सॅलिसिलेट, आणि यंत्रावरच्या मुलात जास्त ठेवलेला रेट, इतक्यांची यादी संपल्यावरच रडण्याला दोष द्या.

पाठवताना चिठ्ठीत काय हवे

गडचिरोली किंवा गोंदियाहून निघालेले मूल तीन-चार तास रुग्णवाहिकेत असते. पोचल्यावरचा गॅस वाचायला निघतानाचा लागतो. म्हणून मूळ छापील कागदाचा फोटो सोबत द्या आणि त्याखाली लिहा: नमुना धमनीचा की शिरेचा, किती वाजता, ऑक्सिजन किती, कोणते सलाईन एकूण किती मिली आणि मुलाचे वजन, बायकार्ब दिले असेल तर मात्रा आणि वेळ, फुरोसेमाइड, ॲड्रेनलिन, साल्ब्युटामॉल दिले का, शेवटची लघवी कधी. अल्ब्युमिन आणि लॅक्टेट झाले नसतील तर 'झाले नाही' असे स्पष्ट लिहा, जागा कोरी सोडू नका. बायकार्बचा डोस देण्याआधीचा गॅस नसेल तर मूळ बिघाड किती होता हे पुढे कोणालाच काढता येत नाही. म्हणून जीवावरच्या पोटॅशियमवाढीचा प्रसंग सोडला तर आधी नमुना, मग इंजेक्शन.